हुलग्याचे शेंगोळे

मुलुंडला थंडी पडते हे बाकीच्या मुंबईला पटत नाही. पण येऊरच्या डोंगराकडून संध्याकाळी वारं सुटलं की चौथ्या मजल्यावरच्या खिडक्या खडखडायला लागतात. मग रत्नप्रभाबाई जुन्या साड्यांच्या चिंध्या करून प्रत्येक फटीत कोंबून ठेवतात. या वर्षी त्यांनी ते काम डिसेंबर उजाडताच उरकलं होतं, कारण घरात बाळंतीण होती.

बाळंतीण म्हणजे त्यांची सून शीतल. पहिली वेळ, त्यातून सिझेरियन. रीतीप्रमाणे तिनं घाटकोपरला माहेरी जायला हवं होतं. पण दिवाळीच्या आधी तिच्या बाबांना, अंबादासना, टीबी निघाला. तान्ह्या बाळाला एवढ्यात त्या घरात नेऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. शीतलची आई चंपाबाई त्याच्याही पुढे गेल्या. यांचा रिपोर्ट साफ आल्याशिवाय मी बाळाजवळ येणार नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. हॉस्पिटलात त्या एकदाच आल्या, तोंडाला दोन मास्क लावून. खोलीच्या दारातूनच त्यांनी नात बघितली, हात जोडले आणि परत गेल्या.

त्यामुळे सगळं रत्नप्रभाबाईंवर आलं, आणि त्यांनी ते मनापासून केलं. सकाळी अळिवाची खीर, मग डिंकाचा लाडू, दुपारी मऊ भातावर कुळथाची गरम पिठी आणि वर तुपाची धार. संध्याकाळी पाठीला शेक. नवरा असताना गिरणगावातल्या एका खोलीत त्यांनी दोन जावांची बाळंतपणं काढली होती. गिरणी बंद झाल्यावर हे कुटुंब मुलुंडला आलं, पण त्यांच्या हाताची सवय गेली नव्हती.

"खा गो," त्या वाटी पुढे सरकवत म्हणायच्या, "अंगात ऊब ऱ्हवाक व्हयी."

शीतल खायची. जेवण चांगलंच असायचं. नितेशशी तिचं लग्न ठरलं तेव्हा याच बाईनं वर्षभर तोंड फिरवलं होतं. बौद्धांची मुलगी घरात नको म्हणून नातेवाइकांपुढे रडून घेतलं होतं. पण एकदा हो म्हटल्यावर पुन्हा तो विषय काढला नाही. शीतलच्या हातची पोळी खाल्ली, तिच्या आजारपणात उशाशी बसल्या. शीतलला वाटायचं, ते सगळं संपलं.

तिला सलत होतं ते वेगळंच. आई काहीच पाठवत नव्हती.

चंपाबाई मूळच्या पारनेरकडच्या. थंडीत त्यांच्या घरात बाजरीची भाकरी, तिळाची चटणी आणि हुलग्याचे शेंगोळे झाले नाहीत असा आठवडा जायचा नाही. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तेच हे हुलगे. त्याच्या पिठात लसूण-मिरचीचं वाटण मळायचं, बोटांनी वळून छोटी कडी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. लहानपणी शाळेतून आल्यावर तो लसणाचा वास जिन्यातच यायचा, आणि शीतल आणि तिचा भाऊ प्रितम दप्तर टाकून पातेल्याभोवती बसायचे. आता दूध पुरत नव्हतं, टाका दुखत होता, रात्री झोप नव्हती, आणि तिला राहून राहून तेच आठवत होतं. नितेश विद्याविहारच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होता. तो रोज घाटकोपरवरूनच यायचा. आईला एक डबा देणं काही अवघड नव्हतं.

फोनवर चंपाबाई विचारायच्या, "जेवतेस ना पोटभर?"

"जेवते."

"काही कमी नाही ना?"

"नाही."

दोघीही तिथेच थांबायच्या. बाबांच्या औषधांत आई बेजार झाली असेल, असं शीतल स्वतःला समजवायची. तरी फोन ठेवल्यावर ती उशीत तोंड घालून रडायची.

जानेवारीच्या सुरुवातीला एका दुपारी प्रितमनं व्हिडिओ कॉल केला. त्याला भाची बघायची होती. निधी झोपली होती, तरी शीतलनं फोन तिच्या तोंडासमोर धरला. रत्नप्रभाबाई खाली भाजी आणायला गेल्या होत्या.

"गाल आले गं हिला," प्रितम हसला. "काय ताई, काल शेंगोळे कसे झालेले? आई सकाळपासून वळत बसलेली. मला चार दिले फक्त. बोलली, बाकीचे ताईचे."

"कसले शेंगोळे?"

"अगं, काल भाऊजी घेऊन गेले ना."

प्रितमला वाटलं नेट गेलं. तो हॅलो हॅलो करत राहिला.

"प्रितम," ती म्हणाली, "आई किती दिवस डबा पाठवतेय?"

"किती दिवस म्हणजे? तू घरी आलीस तेव्हापासून. आठवड्यातून दोनतीनदा तरी. पहिल्या दिवशी बकऱ्याचा पाया केला होता, देवनारला जाऊन आणला होता मी सकाळी. तू... ताई, तुला मिळतात ना डबे?"

"मग आई मला फोनवर कधी बोलली का नाही?"

"भाऊजींनीच सांगितलेलं ना. शीतलजवळ माझी आई बसलेली असते, फोनवर डब्याचं काढू नका, तिला वाटेल आपल्या हातचं कमी पडतंय. म्हणून आई नाही बोलत." तो थांबला. "ताई, काय झालंय?"

"आईला यातलं काही सांगू नकोस," शीतल म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी नितेश आला तेव्हा तिनं त्याला आत बोलावून दार लोटून घेतलं. त्यानं अजून जॅकेटही काढलं नव्हतं.

"कालचे शेंगोळे कुठे गेले?"

त्याचा हात चेनवरच राहिला. खोटं बोलायला त्याच्याकडे वेळ होता, पण तो बोलला नाही. पलंगाच्या कडेला बसला.

"मी खाल्ले," तो म्हणाला.

"तू खाल्लेस?"

"फेकवेना गं. भांडुपच्या पुढे ती बंद कंपनी आहे ना, तिच्या भिंतीजवळ बाईक लावतो आणि खातो. डबा खालच्या नळावर धुतो आणि दुसऱ्या दिवशी देऊन येतो."

"रोज?"

"मिळेल तेव्हा."

"आणि माझ्या आईला काय सांगतोस?"

"तुला आवडलं म्हणून सांगतो."

शीतलच्या डोळ्यांसमोर तिची आई दिसत होती. डबा परत घेताना दारात उभी, आणि हा सांगतोय की शीतलनं बोटं चाटून खाल्लं.

"का पण?" ती म्हणाली. "का, नितेश?"

"पहिल्या दिवशी मी वर आणला होता. तू झोपली होतीस. मार्गशीर्षातला गुरुवार होता. आई म्हणाली, आज हे घरात नको, देव मांडलेत. मी म्हटलं ठीक आहे. पाया होता ना तो."

"शेंगोळे काय मटणाचे असतात?"

"नसतात."

"मग?"

"तिचा चेहरा बघितला होता मी त्या दिवशी. गुरुवार नसता तरी तोच चेहरा असता. मग मी विचारलंच नाही पुन्हा. तू ओली बाळंतीण, घरात भांडण नको. वर टीबीचंही कारण होतं, ती बोलली असती की त्या घरातलं..."

"लॅबमध्ये काम करतोस ना तू? टीबी जेवणातून होतो?"

"नाही होत."

"मग ते कारण माझ्यापुढे काढू नकोस."

निधी उठली आणि रडायला लागली. नितेशनं तिला उचलायला हात पुढे केला, पण शीतलनं आधीच तिला उचललं आणि पाठ फिरवून पाजायला बसली. पाठमोरीच म्हणाली, "मी इथे महिनाभर रडतेय की माझी आई मला विसरली. तुला दिसत होतं मी रडतेय. तू विचारलंसही, काय होतंय म्हणून."

जॅकेट घालूनच तो बाहेर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी नितेश कामावर गेल्यावर शीतल स्वयंपाकघरात गेली. रत्नप्रभाबाई अळीव भिजत घालत होत्या. शीतलनं काही न लपवता सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. त्या गुरुवारनंतरही डबे येत होते हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. पोरगा रस्त्यात उभा राहून जेवतो हे ऐकून तर त्या चक्रावल्या.

"एवढे दिवस माझा पोरगा रस्त्यार उभो ऱ्हवान खाता? आणि वर येवन परत जेवता?" मग आवाज चढवून म्हणाल्या, "माका कोणीच इचारूक नाय. त्या एका दिवशी मी नको म्हटलं, गुरुवार होता. रोज नको म्हटलं काय मी?"

"नाही म्हटलंत."

"मग?"

"आई, विचारलं असतं तर?" शीतल म्हणाली. "माझ्या आईनं केलेलं जेवण, या ओट्यावर, या भांड्यांत. विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

रत्नप्रभाबाईंनी तोंड उघडलं. मग अळिवाच्या वाटीत चमचा फिरवत राहिल्या. बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. शीतल उत्तराची वाट बघत उभी राहिली.

"माझ्या हातचं चालतं तुम्हाला," ती म्हणाली.

"तू आमच्या घरात आलस."

"म्हणजे मी धुऊन निघाले?"

"तसा नाय म्हटलंय मी!" त्यांचे डोळे भरले. "मी तुझ्यासाठी काय कमी केलं? सांग."

"काही कमी केलं नाहीत. म्हणून तर बोलवत नव्हतं मला."

त्या दिवशी शीतलनं खीर घेतली नाही. दुपारी तिनं स्वतः उभं राहून खिचडी टाकली. रत्नप्रभाबाई दारात आल्या, "टाका दुखात तुझो, बस," म्हणाल्या. शीतल बसली नाही. पुढचे बरेच दिवस घर असंच चाललं. लाडवांचा डबा भरलेला राहिला. निधीला न्हाऊ-माखू घालताना दोघी एकमेकींना तेल दे, टॉवेल दे एवढंच बोलायच्या. नितेश लॅबमधून आला की थेट गॅलरीत जाऊन उभा राहायचा. घाटकोपरला जायची त्याची हिंमत होत नव्हती. लॅबमध्ये काम वाढलंय असं त्यानं चंपाबाईंना फोनवर सांगून टाकलं.

जानेवारी सरता सरता अंबादासचा रिपोर्ट साफ आला. आता बाळाला थोडा वेळ नेलं तरी चालेल, खिडक्या उघड्या ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. रविवारी सकाळी शीतल निघाली. नितेशनं रिक्षा केली आणि न विचारता पुढे ड्रायव्हरच्या कडेला दाटीवाटीनं बसायला गेला. तसं बसू देत नाहीत म्हणून ड्रायव्हरनं हटकलं, तेव्हा मागे येऊन कोपऱ्यात बसला. वाटेत तो म्हणाला, "आईंना मी सांगू का?"

"काही सांगायचं नाही," शीतल म्हणाली. "तिनं महिनाभर हौसेनं केलंय. मी म्हणणार, आवडलं."

हे बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटली. याच खोट्यासाठी ती याच्याशी बोलत नव्हती.

घरात शिरताच लसणाची फोडणी नाकात गेली. अंबादास खिडकीपाशी खुर्ची टाकून, मास्क लावून बसले होते. खूप वाळले होते. "जयभीम जयभीम, या," म्हणाले, पण जागचे उठले नाहीत, नात जवळ आणू दिली नाही. लांबूनच बघत राहिले. चंपाबाईंनी मात्र हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि निधीला घेतलं.

ताटं वाढली. वाफाळते शेंगोळे, त्यावर कच्च्या तेलाची धार, शेजारी भाकरी. शीतलनं पहिला घास घेतला आणि तिला रडू फुटलं.

"तिखट झालं?" चंपाबाईंनी विचारलं.

"नाही. छान झालंय. त्या वेळेसारखंच."

"कोणत्या वेळेसारखं?"

"मागे पाठवले होतेस ना. तसेच."

चंपाबाईंनी मुलीकडे बघितलं, मग जावयाकडे. नितेशचा हात ताटात थांबला होता.

"मागच्या वेळी मी त्यात मेथीचा पाला घातला होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "दुधासाठी. हे तसे नाहीत."

प्रितम पाण्याचा तांब्या घ्यायच्या निमित्तानं उठून आत गेला.

"मला वाटतच होतं," चंपाबाई म्हणाल्या. "डबा रिकामा यायचा. विहीणबाई एवढ्या रीतीभातीच्या, त्या कधी रिकामा डबा पाठवतील? चिमूटभर साखर तरी टाकतील ना. म्हणजे त्यांच्या हातात डबा जातच नव्हता."

"मग का पाठवत राहिलीस?" शीतल ओरडलीच.

"काय करणार होते मी? पोरगी बाळंतीण, मला तिथे येता येत नाही. वाटायचं, आज तरी पोचेल." त्यांचा आवाज फाटला. त्या नितेशकडे वळल्या. "तुम्ही जावई आहात म्हणून मी गप्प राहिले. पण माझ्या तोंडावर सांगायचं होतं, आमच्याकडे चालत नाही म्हणून. मला ते नवीन नाही. लहानपणापासून ऐकलंय. तुम्ही मात्र मला सांगत होतात, बोटं चाटून खाल्लं. मी ते यांना सांगायचे, शेजारी सांगायचे. हसं झालं माझं."

नितेश उठला. शीतलला वाटलं निघाला. पण तो चंपाबाईंच्या समोर खाली बसला. "चुकलो, आई," म्हणाला. "मी भित्रा आहे."

"ते दिसलंच," त्या म्हणाल्या. "जेवा. ताट टाकू नका."

तो जेवला. एकेक घास पाण्याबरोबर गिळत जेवला. निघताना चंपाबाईंनी सांगितलं, "आता डबा नाही. मला वाटेल तेव्हा मी नातीला भेटायला येईन, आणि वाटलं तर तिथे रांधीन. विचारा विहीणबाईंना. त्यांचं उत्तर मला त्यांच्या तोंडून पाहिजे."

घरी आल्यावर नितेशनं तो निरोप जसाच्या तसा आईला दिला. रत्नप्रभाबाई देवापुढे वाती करत होत्या. त्यांनी हातातली वात वळून पूर्ण केली. मग म्हणाल्या, "फोन लाव." नितेशनं लावला. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "रविवारी येवा." आणि फोन त्याच्या हातात दिला.

रविवारी चंपाबाई आल्या. हुलग्याचं पीठ त्यांनी घरूनच आणलं होतं. रत्नप्रभाबाईंनी परात दिली, लसूण सोलून दिला, पण दाराच्या चौकटीतच उभ्या राहिल्या. दोघी जपून बोलत होत्या, रिक्षानं आलात का, पाणी येतं का वेळेवर, असं. चंपाबाई शेंगोळे वळायला लागल्या. परक्या ओट्यावर, एवढ्या डोळ्यांसमोर, त्या जन्मात पहिल्यांदा रांधत असल्यासारख्या मीठ दोनदा चाखून बघत होत्या.

ताटं मांडली तेव्हा रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "तुम्ही बसा. माका आज भूक नाय."

चंपाबाईंचा हात पळीवर थांबला. शीतल बोलणार तेवढ्यात नितेश बोलला.

"आई," तो म्हणाला, "भूक नाही, की खायचं नाही?"

"नितेश!"

"एकदा सांग. खायचं नसेल तर तसं सांग. त्या ऐकून घेतील, आम्ही पण ऐकून घेऊ. पण भूक नाही म्हणू नको. असंच काहीतरी सांगत मी इथवर आलोय."

एवढ्या वर्षांत तो आईशी असं बोलला नव्हता. रत्नप्रभाबाई लाल झाल्या. त्या उठून देवाच्या खोलीत जातील असं शीतलला वाटलं. त्या उठल्याही, दोन पावलं गेल्या आणि भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. मग परत आल्या, पाट ओढला आणि बसल्या.

"वाढा," त्या चंपाबाईंना म्हणाल्या. "थोडा."

चंपाबाईंनी तीन शेंगोळे आणि पळीभर रस्सा वाढला. रत्नप्रभाबाईंनी पहिला तुकडा डोळे मिटून घेतला, औषध घ्यावं तसा. दुसरा सावकाश चावला. तिसरा ताटात राहिला. त्यांनी ताट पुढे सारलं नाही की हातही धुतला नाही, बोटांनी तो तुकडा रश्श्यात फिरवत बसून राहिल्या.

"लसूण दांडगो आसा," शेवटी म्हणाल्या.

"थंडीत लागतो," चंपाबाई म्हणाल्या.

जेवणं झाली. चंपाबाई निघाल्या तेव्हा शीतल त्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेली. तिच्या मनातला राग गेला नव्हता. थोडा सासूवर होता, बराचसा नवऱ्यावर, आणि आईनं हे सगळं सोसलं म्हणून आईवरही.

"पुन्हा येशील?" तिनं विचारलं.

"येईन की. माझी नात आहे इथे," चंपाबाई म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसत हळूच म्हणाल्या, "आज दमले गं मी. घरी एवढं दमत नाही."

लिफ्टचं दार लागलं. शीतल वळली तेव्हा आतून निधीच्या रडण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दोन आवाज, एकाच वेळी तिला गप्प करणारे. एक नितेशचा होता आणि एक रत्नप्रभाबाईंचा. शीतल क्षणभर दारात थांबली, चपला काढल्या आणि बाळाला पाजायला आत गेली.